हीटर प्लग नसलेल्या इंजिनाला लावलेले हीटर प्लगचे बिल

आमच्या शेतावर कॅटरपिलर डी४ हा चेनचा जुना ट्रॅक्टर आहे. १९४७ नंतर निघालेल्या ‘७यू’ मालिकेतला हा नग वडिलांनी लिलावात घेतला होता आणि बांधबंदिस्तीसाठी आम्ही तो अजूनही वर्षातून पंधरा-वीस दिवस चालवतो. मागच्या हिवाळ्यात तो सकाळी सुरू होईनासा झाला आणि त्याचा फायदा घेऊन एका मेकॅनिकने मला ६८,००० रुपयांना फसवले. अशी यंत्रे बाळगणाऱ्यांनी सावध राहावे, म्हणून झालेला प्रकार मांडत आहे.

आमच्या डी४ला सेल्फ नाही. शेजारी दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन असते, त्याला ‘पोनी’ म्हणतात. ते आधी चालू करून क्लच आणि पिनियनमार्गे मोठे डिझेल इंजिन फिरवायचे. दोन्ही इंजिनांचे पाणी एकच असते आणि पोनीचा धूर जाणारा पाइप डिझेलच्या इनटेक मॅनिफोल्डमधून जातो, त्यामुळे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) सोडून काही मिनिटे इंजिन नुसते फिरू दिले की डिझेल उघडण्याआधीच ते ऊब धरते. माझे इंजिन फिरत होते, पण फार मंद. आणि एकदा चालू झाले की दिवसभर निळा धूर न सोडता काम करी. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइल जळताना दिसले असते, म्हणजे दोष मोठ्या इंजिनात नव्हता, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते.

मेकॅनिकने दहा मिनिटांत ‘डिझेल पंप गेला’ असा निकाल दिला आणि दुसऱ्या दिवशी चार झिजलेले प्लंजर (पंपातले डिझेल ढकलणारे दांडे) माझ्या हातावर ठेवले. तिसऱ्या दिवशी मी चहा आणायला घरात गेलो असतानाच इंजिन धडधडले. एअर क्लीनरजवळ ईथरचा (इंजिन जबरदस्तीने सुरू करायला हवेत फवारतात त्या ज्वालाग्राही द्रवाचा) गोडसर, उग्र वास येत होता, पण यंत्र चालू झाल्याच्या आनंदात मी त्याकडे दुर्लक्ष करून पैसे मोजले. (ईथरच्या अशा फवाऱ्याने रिंगा तुटूही शकतात, हे नंतर कळले.) दुसऱ्या सकाळी रड पुन्हा तीच.

अखेर सरकारी डोझर चालवून निवृत्त झालेले गावातले एक आजोबा आले. त्यांनी पोनीचा क्लच लावून पाहिला. लिव्हर खटकन बसायला हवा होता, तो लोण्यात रुतल्यासारखा पुढे सरकला. क्लच घसरत असल्यामुळे पोनीचा जोर डिझेलपर्यंत पोहोचतच नव्हता. त्यांनी क्लच आवळला, पोनीला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट घासून साफ केले, आणि दहा मिनिटे पोनी चालवून डिझेल उघडताच इंजिनाने पहिल्याच फेऱ्यात धरले.

मग आम्ही बिल वाचायला बसलो. त्यात ‘चार प्लंजरचा पंप बेंचवर कॅलिब्रेशन’ असे लिहिले होते. पण या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा, सुटा निघणारा पंप असतो, चार प्लंजरचा एक पंप नसतोच. आमच्या पंपांच्या नटांवरचा जुना पिवळा रंगसुद्धा फुटलेला नव्हता, म्हणजे मला दाखवलेले प्लंजर दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचे असणार. बिलात त्याखाली ‘हीटर प्लग, नग ४’ (थंडीत डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी आतली हवा तापवणारे प्लग) अशी नोंद होती. आमच्या पोनीवाल्या इंजिनात हीटर प्लग बसायला जागाच नाही. मी मेकॅनिकला फोन करून ते कुठे बसवले असे विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “काका, ते आत असतात, बाहेरून दिसत नाहीत.” त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.