शेडमधले दिवे बदलताय? वॅट शेवटी बघा

पावसाळ्यात बेळगावात दुपारी दोनलाच शेडमध्ये दिवे लावावे लागतात. म्हणून दिवे बदलायचा विषय आमच्याकडे दरवर्षी जूनमध्ये निघतो, आणि दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "दीडशे वॅटचा केवढ्याला?" उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, इतकी वर्षं लेथवर काढल्यावर माझं ठाम मत झालंय की हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारायचं ते ड्रायव्हरचं, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणाऱ्या दिव्यातल्या सर्किटचं.

जुन्या शेडमध्ये अजून 400 वॅटचे मेटल हॅलाइड, म्हणजे वायू भरलेले जुन्या पद्धतीचे मोठे दिवे, लटकलेले दिसतात. चोक धरून एक दिवा साधारण 430 वॅट खातो. तो उजेड चारी बाजूंना फेकतो, त्यातला बराच रिफ्लेक्टरमध्ये मुरतो, आणि जुना होईल तसा मंद होत जातो. एलईडीचा उजेड सरळ खालीच येतो, म्हणून बहुतेक शेडमध्ये 150 वॅटचा चांगला हायबे (उंच छताला टांगायचा एलईडी दिवा) त्याची जागा घेतो. दहा दिवे, रोज दहा तास, वर्षाचे 300 दिवस असा हिशोब मांडा: जुन्यांना 12,900 युनिट, नव्यांना 4,500. फरक 8,400 युनिटचा. त्याला हेस्कॉमच्या वीजबिलावरच्या आपल्या दरानं गुणलं की खर्च किती महिन्यांत निघेल ते कळतं.

पण माझ्या लेखी याहून मोठा फरक वळवाच्या दिवसांत दिसतो. लाईट क्षणभर गेली आणि आली, तरी विझलेला मेटल हॅलाइड थंड होऊन पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटं घेतो. तेवढा वेळ मशीनवर चढवलेला जॉब आणि माणूस दोघंही अंधारात. एलईडी त्याच क्षणी लागतो.

तरी फौंड्रीवाल्यांनी, म्हणजे धातू वितळवून ओतणाऱ्यांनी, घाई करू नये. खोक्यावर 50,000 तास लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की तेवढ्या तासांनी एलईडीचा उजेड 70 टक्क्यांवर येईल. दिवा बंद पडतो तो त्याच्या कितीतरी आधी, ड्रायव्हरमुळे. ड्रायव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेला कच्चे असतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा या धंद्यातला ठोकताळा आहे. भट्टीच्या वरची गरम हवा थेट छताला जाते, आणि दिवा तिथंच टांगलेला असतो. त्यात मोल्डिंगच्या वाळूची काळी धूळ हायबेच्या थंड करणाऱ्या पंखांत भरते, म्हणजे दिव्याची स्वतःची उष्णताही आत कोंडते. इंडक्शन फर्नेस आणि वेल्डिंग सेट त्याच लाइनवर असतील तर व्होल्टेजचे झटके वेगळेच.

फौंड्रीसाठी म्हणून मी दोन पैसे जास्त मोजून ड्रायव्हर वेगळा असलेला दिवा घेईन आणि ड्रायव्हरची पेटी भट्टीपासून लांब, हात पोचेल अशा भिंतीवर लावीन. किती केव्हीपर्यंतचा (हजार व्होल्टचा) झटका सोसतो, किती तापमानाच्या हवेत चालेल, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती कामी येते ते) 0.9 च्या वर आहे का, ड्रायव्हर एकटा बदलून मिळेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. ड्रायव्हर न बदलता येणारा दिवा स्वस्त असला तरी फौंड्रीत नको.

मशीन शॉपमध्ये प्रश्न वेगळा आहे, आणि तो जिवाशी आहे. स्वस्त दिव्यात ड्रायव्हर नावापुरता असतो, सगळे सुटे भाग एलईडीच्याच पट्टीवर बसवलेले. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला 100 वेळा लखलखतो. लेथवर जॉब पकडणारा तीन जबड्यांचा चक 2000 आरपीएमवर (मिनिटाला 2000 फेरे) फिरताना एका जागेवरून सेकंदाला बरोबर 100 जबडे जातात. प्रत्येक लखलखाटाला जबडा तिथंच, म्हणजे फिरता चक थांबल्यासारखा दिसतो. 1000 वर सहा जबडे दिसतात, तेही स्थिर. आमच्या शेडमध्ये असे दिवे लावल्यावर एका पोरानं चकाकडे हात नेलेला मी पाहिला आहे. हात वाचला. दुसऱ्या दिवशी ते दिवे उतरवले.

जुने वायरमन शेजारशेजारच्या ट्यूब आर, वाय, बी अशा वेगवेगळ्या फेजवर टाकायचे ते यासाठीच. आज चांगला ड्रायव्हर ते काम करतो. दुकानातच मोबाईलचा कॅमेरा दिव्याजवळ धरा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लेथवर लावू नका, गोडाऊनला चालेल.

शहापूर, वडगाव, खासबागच्या मागवाल्यांना मात्र वॅट आणि ड्रायव्हर दोन्हींपेक्षा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, महत्त्वाचा. सूर्यप्रकाशाचा सीआरआय 100 धरतात, बाजारातल्या नेहमीच्या एलईडीचा 80 च्या आसपास असतो आणि त्याच्यात गडद लाल नेमका मार खातो. काठाचा लाल धागा मागावर एक दिसतो आणि गिऱ्हाईक साडी दुकानाच्या दारात नेऊन बघतं तेव्हा दुसरा. रंग जुळवायच्या टेबलावर तरी 90 च्या वरचा दिवा हवा. सगळ्या शेडला नको. जुन्या ट्यूबा गेल्या तर नव्या घेऊ नका. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारातल्या देशांनी 2023 मध्ये ट्यूबलाइटचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2027 पर्यंत थांबवायचं ठरवलंय.

हालचालीवर लागणारे सेन्सर गोडाऊन, संडास, जिन्यात पैसे वसूल करतात. मशीनच्या डोक्यावर ते नकोत. माणूस मायक्रोमीटर धरून निश्चल उभा असतो आणि दिवा विझतो. मोबाईलवरून चालणारे दिवे मोठ्या कारखान्यांना ठीक. आठ-दहा दिव्यांच्या शेडला भिंतीवरचं बटण पुरतं. त्या पैशात पत्र्यात चार-सहा पारदर्शक शीट बसवा, पावसाळ्याचे महिने सोडले तर दिवसा निम्मे दिवे बंद राहतील.

खानापूर बाजूच्या शेतघरांसाठी सौर दिव्यात लेड-ॲसिडपेक्षा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, महाग असली तरी. तिची भरण्या-उतरण्याची आवर्तनं हजारांत मोजतात, लेड-ॲसिडची शेकड्यांत. तिकडच्या पावसात सलग दिवस ऊन नसतं, म्हणून किमान तीन रात्री पुरेल एवढी साठवण हवी. आणि उजेड पिवळसर, 3000 केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) खालचा असू द्या. पांढऱ्या-निळ्या उजेडाला किडे जास्त येतात, आणि भीमगडच्या जंगलात, बारापेडेच्या गुहांत जगातली फार दुर्मीळ वटवाघळं राहतात. त्यांची रात्र आपण मोडू नये.

एकदम दहा दिवे उचलू नका. एकच घ्या आणि शेडमधल्या सगळ्यात गरम, सगळ्यात धुळीच्या जागी टांगा. जूनमध्ये लावला तर गणपतीपर्यंत झटके, ओल, धूळ सगळं त्याच्यावरून जाईल. तोवर टिकला तर बाकीचे नऊ सांगा.