मॉल नवा, पऱ्या जुनाच: खाडीकाठच्या एका पुनर्विकासातला पाणीनिचरा

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी जुनं शॉपिंग सेंटर पाडून त्याच अडीच एकरांत तळघरातल्या पार्किंगसह मॉल उभा राहिला आहे. दुकानं आणि फूड कोर्टबद्दल इतरांनी लिहिलंच आहे. इथे फक्त पावसाचं पाणी पाहायचं आहे: ते किती येतं, कुठून जातं आणि शेवटी कुणाच्या दारात थांबतं.

आतलं काम मन लावून केलेलं आहे. छपराच्या दर चाळीसेक चौरस मीटरला ११० मिमीचा एक उतरता पाइप दिला आहे, म्हणजे तासाला १०० मिमी पाऊस झाला तरी पन्हळ उतू जाणार नाही. तळघराच्या उतारावर तोंडाशीच साधारण २० सेंटिमीटरचा उंचवटा आहे आणि त्याच्या पलीकडे आडवी नाली. नालीवरच्या बिडाच्या जाळ्या बोल्टने आवळलेल्या आहेत, त्यामुळे गाडी गेली की खडखडत नाहीत आणि चोरीलाही जात नाहीत. तळात दोन पंप आहेत, एक चालू आणि एक राखीव. जनरेटरचं पॅनेल तळघरात न ठेवता वर ठेवलं आहे. कोकणात पावसाचा जोर आणि वीज जाणं एकाच वेळी होतं, म्हणून हा निर्णय फार मोलाचा.

बाहेर मात्र परिस्थिती वेगळी आहे. जुन्या सेंटरची निम्मी जागा छपराखाली आणि निम्मी मुरमाची मोकळी होती. आता जवळपास सगळी जागा छप्पर आणि पेव्हर ब्लॉकची आहे. पेव्हरच्या सांधींतून पाणी मुरेल असं वाटतं, पण एक ब्लॉक उचलला की खाली काँक्रीटचा थर दिसतो, तो पाणी अडवतो. मुरवायचं असेल तर ८० मिमीचे ब्लॉक, खाली ४० मिमी खडी-चुरा (त्यात दगडी पावडर अजिबात नको) आणि त्याखाली फूटभर मोकळी खडी लागते. तेही खाडीकाठच्या भरावात फारसं चालत नाही, कारण जुलैत मीटरभर खणलं की खड्ड्यात पाणी तयारच असतं. शोषखड्ड्यांचंही तेच.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला किती पाणी वाहील ते काढायला वाहून जाणाऱ्या पाण्याचा वाटा, तासाचा पाऊस मिमीत आणि हेक्टरमधलं क्षेत्र यांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं, उत्तर घनमीटरमध्ये येतं. एक हेक्टरला तासाला ६० मिमी धरा. पूर्वी ०.६५ वाटा होता, म्हणजे सेकंदाला साधारण १०८ लिटर. आता ०.९, म्हणजे १५० लिटर. तासाभरात जादा पाणी दीड लाख लिटर.

हे दीड लाख लिटर थोपवायला टाकी आहे, आणि सगळ्यात मोठी चूक याच टाकीत आहे. तीच टाकी फ्लशिंग आणि झाडांसाठी वापरतात, म्हणून जूनपासून ती काठोकाठ भरून ठेवली जाते. मोठी सर येते तेव्हा टाकीत रिकामी जागाच नसते. नकाशात क्षमता दिसते, जागेवर शून्य. उपाय अवघड नाही: खालचा भाग वापरासाठी ठेवायचा आणि वरचा किमान दीड लाख लिटरचा भाग कायम रिकामा. १० बाय १२ मीटरची टाकी असेल तर तो सव्वा मीटर उंचीचा होतो. दोन भागांच्या सीमेवर २०० मिमीचं भोक ठेवलं की वरचा भाग पूर्ण भरल्यावरही सेकंदाला नव्वदेक लिटरच बाहेर पडतात आणि पाऊस ओसरला की तो आपोआप रिकामा होतो.

बाहेर जाणारा ४५० मिमीचा पाइप पुरेसा वाटतो. २०० मीटरला एक मीटर उतार मिळाला तर तो सेकंदाला २०० लिटर नेतो. पण गटाराची पातळी उंच असल्यामुळे इथे उतार हजाराला एक इतकाच मिळाला आहे. त्या उतारावर पाइप ९० लिटरच नेतो आणि वेग इतका मंद होतो की जांभ्याची रेती तळाशी बसते. दोन पावसाळ्यांत पाइप आतून अरुंद होईल. गाळाचा चेंबर पाइपच्या तळापेक्षा ६० सेंटिमीटर खोल हवा आणि पावसाळ्याआधी एकदा, ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा उपसायला हवा.

पाइप ज्या गटाराला मिळतो ते पुढे पऱ्यात, म्हणजे छोट्या ओढ्यात, जातं आणि पऱ्या खाडीत. भरती आली की पऱ्याचं तोंड बंद. तिथे झडपेचं दार बसवलं आहे, ते बरोबरच. पण नारळाचं एक सोडण (वरची साल) किंवा थर्माकोलचा तुकडा कडेला अडकला की दार बोटभर उघडं राहतं आणि खाडी उलटी गटारात शिरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हे कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अमावास्या-पौर्णिमेला ती अकराच्या पुढे येते, दिवसा आणि रात्रीही. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवशी भरतीआधी दोन तास दार तपासायला माणूस लागतो. देखभालीच्या कंत्राटात हे काम लिहून घ्यायलाच हवं.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्यानंतर जोतं उंच करण्याची धास्ती समजते. इथे ९० सेंटिमीटर भराव घातला, मॉल वाचला. पण वरच्या पाखाडीवरून (चढाच्या दगडी पायवाटेवरून) उतरणारं पाणी पूर्वी याच आवारातून पसरत जायचं. आता ते कंपाउंडच्या भिंतीला अडतं आणि मागच्या गल्लीतल्या जुन्या गाळ्यांत शिरतं. भिंतीच्या वरच्या बाजूने, मॉलच्या स्वतःच्या हद्दीत, एक उघडी चिऱ्याची नाली थेट पऱ्यापर्यंत नेली असती तर हे टळलं असतं. जागा अजूनही आहे: भिंतीलगतची शोभेच्या झाडांची पट्टी.

इथे गाळा घेणाऱ्यांनी वरच्या मजल्यांची काळजी करू नये. तळघरातलं गोदाम घेणाऱ्यांनी पंपाचा फ्लोट (पाणी वाढलं की पंप सुरू करणारा तरंगता खटका) हाताने उचलून पंप चालू होतो का ते पाहावं आणि माल जमिनीपासून फूटभर वर ठेवावा. मागच्या गल्लीतल्या गाळेधारकांनी एकत्र येऊन नगरपरिषदेकडे एवढंच मागावं: पुनर्विकासाआधीच्या आणि नंतरच्या पाण्याचा हिशेब, आणि टाकीचा वरचा भाग रिकामा ठेवल्याची पावसाळ्यातली नोंद.