आठ महिने, दोन प्लेअर आणि मुंजीचा अडकलेला व्हिडिओ

भाच्याच्या मुंजीचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर आले आणि हे प्रकरण सुरू झालं. मातृभोजनाचा घास तोंडाशी आलेला, चित्र थिजलेलं, मागे सनई मात्र जोरात चालू! घरचा डेस्कटॉप जुना: चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 8 जीबी रॅम, विंडोज 10.

पहिला गाढवपणा माझाच. ‘कोडेक पॅक’ (व्हिडिओ उलगडणाऱ्या डीकोडरचा गठ्ठा) शोधलं आणि समोर आलेल्या साइटवरचं सगळ्यात मोठं हिरवं बटण दाबलं. कोडेक राहिले बाजूला, ब्राउझरमध्ये दोन टूलबार येऊन बसले. ते हुसकावण्यात रविवारची दुपार गेली. नंतर कळलं, याची गरजच नव्हती. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर आपले डीकोडर सोबत घेऊनच येतो, एमपीसी-एचसी या दुसऱ्या प्लेअरमध्येही एलएव्ही फिल्टर (असेच डीकोडर) आधीच असतात.

व्हीएलसी म्हणजे तोच नारिंगी शंकूवाला, 1996 साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. त्याचं खरं मोल कळलं ते आमच्या लग्नाच्या व्हीसीडीमुळे. एमपीईजीएव्ही फोल्डरमधली एव्हीसेक01.डॅट ही फाइल नुसती ओढून आत टाकली, लागली! 352 बाय 288 चं चित्र, त्यामुळे चेहरे भाकरीसारखे दिसतात, पण आईला त्याचं काही नाही. बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी लावली की हलत्या माणसांच्या कडांना कंगव्याचे दात दिसायचे. कीबोर्डवर डी दाबलं की डीइंटरलेस होतं (एकाआड एक ओळींचं चित्र सांधलं जातं) आणि ते जातात. आवाज 100 टक्क्यांच्या वर नेता येतो, हे आईचं आवडतं. सबटायटल पुढेमागे झाली तर जी आणि एच. सेटिंग्जचं जंजाळ मात्र मला अजून झेपलेलं नाही.

माझ्यासाठी मी एमपीसी-एचसी ठेवलाय. साधा, जुन्या वळणाचा, चटकन उघडतो. मूळ प्रकल्प 2017 मध्ये थांबला. त्याचीच पुढची, अजून अपडेट होणारी आवृत्ती घ्या, जुनी नको.

पण मुंज? ती दोन्हीकडे अडकलीच. फाइल 4K, सेकंदाला 60 फ्रेमची, एचईव्हीसीमधली (फाइल लहान ठेवणारी, पण उलगडायला जड पद्धत). माझ्या प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी उलगडणारं हार्डवेअरच नाही, सगळा भार सीपीयूवर. टास्क मॅनेजर उघडला तर आकडा शंभराला टेकलेला. प्लेअर बदलून काय होणार, कपाळ? शेवटी हँडब्रेक या व्हिडिओचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘फास्ट 1080पी30’ निवडून रात्रभर मशीन चालू ठेवलं. सकाळी एच.264 ची (जुनी, उलगडायला हलकी पद्धत) फाइल तयार, आणि घास एकदाचा तोंडात गेला.

व्हिडिओ काढणाऱ्या मेहुण्यांना आता आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट ‘मोस्ट कंपॅटिबल’, म्हणजे एचईव्हीसीऐवजी एच.264, करायला सांगितलंय. 4K ला 60 फ्रेम मिळणार नाहीत म्हणून ते जरा नाराज आहेत.