मीटिऑर ३५०वर स्टिरिओचे बॅटविंग फेअरिंग : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, मी माझ्या रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५०ला बाहेरून घेतलेले, आत स्टिरिओ बसवलेले बॅटविंग फेअरिंग, म्हणजे हेडलाइटच्या वर बसणारे, वटवाघळाच्या पंखांसारखे दिसणारे वारा अडवायचे आवरण, लावून घेतले. तेव्हापासून गाडी सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर चालली आहे. ठिबक संचांच्या दुरुस्तीचे माझे काम असल्यामुळे आठवड्यातले चार दिवस जळगावहून विदगावच्या पुलावरून चोपड्याकडे, नाहीतर यावल, फैजपूर, सावदा, रावेर या केळीच्या पट्ट्यात फिरणे होते. त्यामुळे थंडी, मे महिन्याचे ऊन आणि अर्धा पावसाळा, असे तिन्ही ऋतू या फेअरिंगने पाहिले आहेत. पहिल्या महिन्यात मी याबद्दल लिहिले असते तर निम्मे चुकीचे लिहिले असते, म्हणून थांबलो.

बॅटविंग हा आकार हार्ले-डेव्हिडसनने १९६९ साली इलेक्ट्रा ग्लाइडवर आणला. तो पुढच्या फोर्कवर, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या नळ्यांवर, बसतो आणि हँडलबरोबर वळतो. त्याच कंपनीच्या रोड ग्लाइडचे फेअरिंग चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्के असते, त्यामुळे हँडल वळले तरी ते जागचे हलत नाही. साडेतीनशेच्या गाड्यांसाठी मला बाजारात जी फेअरिंगे दिसली ती सगळी पहिल्या प्रकारची होती. पण हार्लेच्या गाड्यांपुढे आपली गाडी हलकी आहे, ही गोष्ट दुकानात कोणी बोलत नाही. मीटिऑरचे वजन १९१ किलो आहे. माझे फेअरिंग स्पीकर, स्टिरिओ आणि पट्ट्यांसह किराणा दुकानातल्या काट्यावर ६ किलो ४०० ग्रॅम भरले. हा सगळा भार आपण हाताने वळवतो त्या भागावर, तोही उंचावर, येतो. पहिले दोन दिवस गर्दीत गाडी हळू चालवताना हँडल स्वतःहून एका बाजूला कलते आहे असे वाटत राहिले. नंतर हाताला सवय झाली.

माझी पहिली चूक दुकानातच झाली. दुकानदाराने गाणे लावले, मी खूश झालो आणि पैसे दिले. घरी येऊन फाटकात गाडी वळवायला हँडल पूर्ण डावीकडे नेले, तर इंजिनाचा आवाज आपोआप चढला. फेअरिंगच्या आतल्या पट्टीमागे ॲक्सिलरेटरची केबल अडकली होती आणि हँडल वळले की ती ताणली जात होती. ऐन वळणावर, पाय टेकवायच्या बेतात असताना गाडीने अशी उसळी घेतली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको. दुकानदाराचे म्हणणे असे की, थोडेफार होतेच. शेवटी मी नेहमीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. वयाने माझ्याहून लहान असलेल्या त्या मुलाने स्टिरिओकडे पाहिलेही नाही. तो म्हणाला, "भाऊ, गानं मंग, पहिले हँडल फिराई दखा." त्याने फेअरिंग उतरवले, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली आणि ब्रेकचा होज पट्टीच्या पुढून घेतले, आणि इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा फिरवून दाखवले. आता मी कोणालाही सांगताना हेच आधी सांगतो.

दुसरी अडचण क्लॅम्पची, म्हणजे फेअरिंग फोर्कला आवळून धरणाऱ्या कड्यांची. मीटिऑरच्या फोर्कच्या नळ्या ४१ मिलिमीटर जाडीच्या आहेत. माझ्याबरोबर आलेले क्लॅम्प 'सर्व गाड्यांना चालणारे' होते, म्हणजे मापाने मोठे आणि आत रबराची पट्टी गुंडाळून बसवायचे. ती पट्टी महिनाभरात दबली आणि सावद्याच्या अलीकडे एका खड्ड्यानंतर अख्खे फेअरिंग दोन बोटे खाली घसरले. ते हेडलाइटच्या वरच्या कडेला टेकले आणि रात्री प्रकाशाचा वरचा भाग कापला गेला. मी नेमक्या मापाचे क्लॅम्प लेथवर करून घेतले, त्याला साडेआठशे रुपये लागले. सोबत साध्या नटांऐवजी नायलॉनची कडी असलेले लॉकनट टाकले. त्यानंतर आजपर्यंत एकही नट ढिला झालेला नाही. फेअरिंगचे १४ हजार ५०० रुपये देताना मी घासाघीस केली होती, आणि या साडेआठशे रुपयांनी ते वापरण्याजोगे झाले.

वाऱ्याबाबत मात्र मी समाधानी आहे. माझी गाडी मीटिऑरमधल्या फायरबॉल प्रकारची आहे. सुपरनोव्हा प्रकाराला कंपनीकडूनच काच येते, माझ्या गाडीला काहीच नव्हते. फेअरिंगनंतर ७० ते ८०च्या वेगाला छातीवर येणारा दाब जवळजवळ गेला आणि भुसावळ ओलांडून मुक्ताईनगरपर्यंत गेल्यावर खांदे दुखत नाहीत. पण काचेच्या उंचीचा प्रश्न होता. सुरुवातीला दिलेल्या बुटक्या काचेवरून येणारा वारा थेट हेल्मेटच्या कपाळावर आदळे आणि डोके थरथरे. तिच्यापेक्षा चार इंचांनी उंच काच बदलून घेतल्यावर ते थांबले. काचेची वरची कड साधारण नाकाच्या रेषेत यावी, रस्ता काचेवरून दिसावा, काचेतून नव्हे. धूळ, चिखल आणि समोरच्या गाडीचा झोत पाहता आपल्याकडे काचेतून पाहत गाडी चालवणे शहाणपणाचे नाही.

आडव्या वाऱ्यात या फेअरिंगचा त्रासही आहे. बांभोरीच्या गिरणेवरच्या पुलावर, किंवा रावेरकडून केळी भरून निघालेला ट्रक समोरून जोरात गेला की, फेअरिंग शिडासारखे वारा धरते आणि हँडलला झटका बसतो. हँडल घट्ट आवळले तर तो झटका वाढतो, सैल धरले तर गाडी आपली आपण सरळ होते. ९०च्या पुढे मला हँडलमध्ये बारीक डुलणे जाणवले, म्हणून मी तो वेग सोडून दिला. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना वेग कमी असल्याने असे काही जाणवले नाही.

उन्हाळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खानदेशात राहणाऱ्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. फेअरिंगने वारा अडला की उकडेल, अशी मला भीती होती. मार्चमध्ये आणि पावसाळ्यातल्या दमट दुपारी तसे होते, शर्ट अंगाला चिकटतो. पण मे महिन्यात पारा ४४-४५वर गेला की हवा आपल्या अंगापेक्षा गरम असते आणि ती जितक्या वेगाने अंगावर येते तितके अंग तापते आणि घशाला कोरड पडते. त्या झळा फेअरिंग अडवते. डोक्याला ओला रुमाल बांधून वर हेल्मेट घातले, तर दुपारी दोन वाजताही यावलपर्यंत जाता येते. इंजिनावर याचा परिणाम नाही, कारण फेअरिंग वर आहे आणि सिलिंडरला वारा पूर्वीसारखाच लागतो. मायलेज लिटरमागे ३६वरून साडेचौतीसवर आले.

आता स्टिरिओ, ज्यासाठी बहुतेक लोक हे घेतात. खोक्यावर '२०० वॅट' लिहिले होते, तो क्षणभराचा कमाल आकडा होता. सतत मिळणारी ताकद, म्हणजे आरएमएस, दर स्पीकरला २० वॅट निघाली. तेवढी पुरेशी असते का, याचे उत्तर वेगावर आहे. ४०-५०च्या वेगाला गावातून जाताना अहिराणी गाण्यातला शब्द न् शब्द कळतो. ६५ला फक्त चाल कळते. ८०ला हेल्मेटभोवतीचा वारा सगळे खाऊन टाकतो. यावर दुकानदार मोठा ॲम्प्लिफायर सुचवतात, पण वॅट दुप्पट केल्याने आवाज तीनच डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी ताकद दहापट लागते. दहापट ताकद मोटारसायकलच्या बॅटरीतून येणार नाही. माझ्या बाबतीत खरा फरक पडला तो स्पीकरच्या मागची पोकळी फोमच्या पट्टीने बंद केल्यावर. आधी मागचा आवाज बाहेर येऊन पुढच्या आवाजाला मारत होता आणि ढोलकी अगदी पत्र्यासारखी वाजत होती.

बॅटरीने मला एकदा रस्त्यावर उभे केले. मीटिऑरची बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची आहे आणि गाडीला किक नाही. लग्नसराईत मी बारा दिवस बाहेरगावी होतो, परत आलो तर स्टार्टर नुसता टक् टक् करत होता. इलेक्ट्रिशियनने मोजले, तेव्हा चावी बंद असतानाही स्टिरिओ १५ मिलिअँपिअर ओढत होता. बारा दिवसांत त्याने चारपेक्षा जास्त अँपिअर-तास, म्हणजे निम्म्याहून अधिक बॅटरी खाल्ली. दुकानदाराने स्टिरिओची लाल आणि पिवळी अशा दोन्ही तारा थेट बॅटरीला जोडल्या होत्या. आता दोन्ही चावीवर चालणाऱ्या रिलेतून जातात आणि बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज आहे. ब्लूटूथची जोडणी राहते, फक्त घड्याळ दरवेळी शून्यावर येते. मला त्याची गरज नाही.

पावसात स्पीकर टिकले, पण स्टिरिओच्या पुढच्या झाकणातून पाणी आत गेले आणि यूएसबीची जागा गंजली. स्पीकर पाणीरोधक असला म्हणजे स्टिरिओही तसाच असतो असे नाही, दोन्हींचे आयपी मानांकन, म्हणजे धूळ-पाणी किती अडते याचा आकडा, वेगवेगळे विचारावे. काच पॉलिकार्बोनेटची आहे. तिच्यावरची काळ्या मातीची धूळ मी एकदा कोरड्या फडक्याने पुसली आणि ते ओरखडे कायमचे राहिले. आधी भरपूर पाणी ओतावे, मग साबणाचा हात फिरवावा, आणि पेट्रोलचा बोळा तर अजिबात लावू नये, त्याने काचेत बारीक तडे जातात.

फेअरिंग एबीएस प्लॅस्टिकचे आहे. एप्रिलमध्ये उजव्या बोल्टच्या भोकातून तांदळाच्या दाण्याएवढी चीर निघाली. तिच्या टोकाला दोन मिलिमीटरचे भोक पाडून घेतल्यावर ती पुढे सरकली नाही. फायबरचे घेतले असते तर वजन वाढले असते, पण चीर गावातच रेझिन लावून भरता आली असती. पुन्हा घ्यायचे झाले तर मी फायबरचे घेईन.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ नुसार दर बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणून मी चासीला कुठेही भोक पाडले नाही, कंपनीची वायर कापली नाही, इंडिकेटर आणि नंबर झाकले जाणार नाहीत हे पाहिले, आणि विम्याच्या कार्यालयाला लेखी कळवले. दवाखाना आणि शाळेपासून शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात गाणे बंद करतो. रात्री उशिरा गल्लीत शिरतानाही करतो, त्याला मात्र कायद्यापेक्षा समोरच्या घरातले नाना कारण आहेत.

स्टिरिओ मी आता दिवसाकाठी अर्धा तास वाजवतो, तोही गावातल्या गावात. यूएसबीची जागा अजून बदललेली नाही. उजव्या बाजूचा लॉकनट दर सर्व्हिसिंगला पाना लावून पाहतो, आणि चीर पडलेल्या भोकाखाली रुंद वॉशर टाकला आहे.