श्रिंप टँकसाठी सुकं पान: बदाम, पेरू की तुती?

रेड चेरी श्रिंप (टँकमध्ये पाळतात ती छोटी लाल कोळंबी) सुकं पान टाकल्याबरोबर कुरतडत नाहीत. पाण्यात मुरल्यावर पानावर जीवाणू-बुरशीचा बुळबुळीत थर धरतो, तो खरवडून खातात. पिल्लांचं पहिल्या आठवड्यांतलं पोट यावरच भरतं. म्हणून पान निवडताना एकच पाहायचं: ते टँकमध्ये किती दिवस टिकायला हवं?

टिकायला हवं असेल तर देशी बदाम. हा सुक्या मेव्यातला बदाम नव्हे. रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात दिसणारं मोठ्या पानांचं झाड. आपोआप गळलेलं तपकिरी पान महिना-दीड महिना राहतं, शेवटी शिरांची जाळी उरते. पिल्लांना त्याच्याखाली आडोसाही मिळतो. ४० लिटरला तळहाताएवढं एक पान पुरे. पहिल्यांदा अर्धंच टाका. पाणी चहाच्या रंगाचं होतं. नको असेल तर पान आधी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून ते पाणी फेकून द्या. पान लगेच बुडतंही.

पेरूचं पान लहान आणि चिवट. रंग कमी सोडतं, त्यामुळे १०-१५ लिटरच्या टँकला बदामापेक्षा बरं. तिथे एक-दोन पानं बास. आडोसा मात्र फारसा होत नाही.

तुतीचं काम वेगळं. ते पान म्हणजे थेट जेवण. हिरवंच तोडून सावलीत सुकवायचं. दर २०-२५ श्रिंपना दोन बोटं रुंद तुकडा, आठवड्यातून एकदा-दोनदा. मऊ भाग एक-दोन दिवसांत फस्त होतो. उरलेला देठ आणि शिरा काढून टाका. तुती बदामासारखी टँकमध्येच सोडून दिली की ती कुजते, पाणी गढूळ होतं आणि प्लॅनेरिया (बारीक चपटे किडे) माजतात.

पानांनी पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं, हे अर्धंच खरं. बोअरच्या जड पाण्यात केएच (पीएच घसरू न देणाऱ्या कार्बोनेट क्षारांचं प्रमाण) जास्त असतो, तिथे चार पानांनीही आकडा जेमतेम हलतो. मुंबईच्या धरणाच्या मऊ पाण्यात तो खरंच घसरू शकतो, म्हणून तिथे केएच तपासूनच पानं वाढवा. क्रिस्टल रेडसारख्या आम्लधर्मी पाण्यातल्या श्रिंपसाठी पानांवर विसंबू नका. आरओ पाणी, योग्य क्षार आणि अ‍ॅक्टिव्ह सॉइल (पाणी आम्लधर्मी ठेवणारी तळाची माती) लागतेच.

पानाची जात चुकली तर फार बिघडत नाही, जागा चुकली तर टँक रिकामा होतो. कीटकनाशकाचा अंशही श्रिंपना मारतो. फळबागेतला पेरू आणि रेशीमशेतीची किंवा द्राक्षबागेशेजारची तुती फवारणीची खात्री नसेल तर घेऊच नका. सोसायटीतल्या बदामाखाली डासांसाठी धूरफवारणी होत असेल तर तेही झाड सोडा. कण्हेर, रुई, कडुनिंब, निलगिरी यांची पानं टँकपासून लांबच ठेवा.

पान टाकल्यावर पांढरा, कापसासारखा थर दिसला तर घाबरू नका, श्रिंप तो खातात. घाण वास आला किंवा श्रिंप पाण्याच्या वर येऊन बसले तर पानं ताबडतोब काढा, तिसरा हिस्सा पाणी बदला आणि एअर पंप वाढवा. एप्रिल-मेमध्ये टँक ३० अंशांवर जातो, पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. तेव्हा पानं निम्मी करा.

पहिल्यांदाच करत असाल तर बदाम घ्या. वसाहत पन्नासच्या वर गेली की जोडीला तुती सुरू करा. पावसाळ्याआधी पानं कडकडीत वाळवून हवाबंद डब्यात भरा. डब्यात बुरशी धरलेलं पान मात्र वापरू नका.