डॉकची सायकल की बिनडॉकची? पास काढण्याआधी

सार्वजनिक सायकलची पहिली फेरी जवळपास सगळ्यांनाच आवडते. खरा कस लागतो तो तिसऱ्या महिन्यात. तेव्हाही माणूस तीच सायकल घेत असेल, तर त्याला भाड्यापेक्षा महत्त्वाच्या दोन खात्र्या मिळालेल्या असतात: निघताना सायकल सापडेल आणि पोचल्यावर ती सोडता येईल. डॉकच्या पद्धतीत पहिली खात्री पक्की नि दुसरी कच्ची, बिनडॉकच्या पद्धतीत नेमकं उलट.

डॉक म्हणजे ठरलेल्या स्टँडवरचं कुलूप. म्हैसूरची ‘ट्रिन ट्रिन’ जून २०१७ मध्ये ४५० सायकली आणि ४८ स्टँड घेऊन अशीच सुरू झाली. सायकल कुठे उभी असणार हे पाठ असतं, त्यामुळे सवय लवकर जडते. घोळ होतो तो शेवटी: ऑफिसची वेळ झालेली आणि स्टँड भरलेला. म्हणून नीट आखलेल्या योजनेत डॉकची संख्या सायकलींच्या दुप्पट ते अडीचपट ठेवतात. चढावरचे स्टँड मात्र सकाळीच रिकामे होतात, कारण लोक उताराने सायकल नेतात आणि परतताना बस पकडतात. पॅरिसच्या ‘व्हेलिब’ने उंचावरच्या स्टँडला सायकल आणून लावणाऱ्यांना फुकट वापराची १५ मिनिटं जादा दिली ती यासाठीच.

बिनडॉकमध्ये कोड स्कॅन करायचा, कुलूप उघडायचं, काम झालं की सायकल दारात सोडायची. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ आणि औंधात हे सुरू झालं तेव्हा उत्साह मोठा होता. पण कुठेही सोडता येणारी सायकल सोसायटीच्या गेटाआडही जाते. नकाशावर दिसते, हाती लागत नाही. उंच इमारतींमध्ये आणि दाट झाडीखाली जीपीएसही सरकतो. त्यात तोडफोडीची भर पडली. दुसरा धोका अनामतीचा. चीनच्या ‘ओफो’ या बिनडॉक सायकल कंपनीकडून अनामत परत मिळावी म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये बीजिंगला लोक थंडीत रांगा लावून उभे होते. अनामत मागणाऱ्या सेवेपेक्षा न मागणारी बरी, आणि वॉलेटमध्येही गरजेपुरतेच पैसे ठेवा. ‘यूलू’सारख्या बॅटरीच्या गाड्या आता ठरावीक झोनमध्येच सोडता येतात, म्हणजे बिनडॉकवाल्यांनाही शेवटी जागा आखावीच लागली.

ठरवण्याआधी हा हिशेब करा. दीड किलोमीटर चालायला साधारण २० मिनिटं लागतात, सायकलवर ८. स्टँड दोन्ही टोकांना १०० मीटरवर असेल तर चालणं आणि कुलूप उघडणं धरून १२ मिनिटांत पोचाल. तोच ३०० मीटरवर गेला की १७ मिनिटं. ४०० मीटरवर असेल तर फायदा उरतच नाही. म्हणून आधी आठवडाभर, ज्या वेळेला निघता त्याच वेळेला ॲपमध्ये पाहा: तुमच्या स्टँडवर किती सायकली आहेत आणि उतरण्याच्या स्टँडवर किती डॉक रिकामे आहेत. पाचपैकी दोन दिवस गैरसोय दिसली तर पास काढू नका.

रोजचा रस्ता एकच आणि स्टँड जवळ असेल तर डॉकचीच घ्यावी. दर दिवशी वेगळीकडे जाणाऱ्याला झोनवाली सोयीची. अंतर ५ किलोमीटरच्या पुढे असेल आणि दोन्हीकडे सायकल ठेवायला सुरक्षित जागा असेल, तर स्वतःचीच बरी. भाड्याच्या सायकली दणकट म्हणून जड असतात आणि भरीव टायर पंक्चर होत नसले तरी खड्ड्यांत हात भरून आणतात.

कुठलीही घेतलीत तरी कुलूप उघडण्याआधी टायर अंगठ्याने दाबा, सीट पिळून बघा, आणि उघडल्यावर दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. सीट इतकी उंच हवी की टाच खालच्या पेडलवर ठेवल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हावा, नाहीतर गुडघे दुखतात. पॅरिसमध्ये बिघडलेल्या सायकलची सीट उलटी फिरवून ठेवायची रीत आहे, पुढच्याला लांबूनच कळतं. सोडताना कुलपाचा खटका ऐका, ॲपमध्ये फेरी संपल्याचं पाहा आणि एक फोटो काढून ठेवा. कुलूप नीट न बसल्यामुळे रात्रभर चालू राहिलेल्या फेरीचं भाडं परत मागताना तोच उपयोगी पडतो.