केनिया आणि दक्षिण आफ्रिका: परराष्ट्र खात्याच्या दोन घड्या

केनियाने २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात परदेशस्थ नागरिकांसाठी वेगळा विभाग काढला. मंत्रालय एक, पण विभाग दोन: एकाकडे राजनय, दुसऱ्याकडे बाहेर राबणारी माणसं. घरी पैसे पाठवणाऱ्यांना हक्काचं दार मिळालं, म्हणून मला ही रचना जास्त भावते. आणखी एक विशेष म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ‘पर्यावरण कार्यक्रम’ या संस्थेचं मुख्यालय नैरोबीतच असल्याने तिच्याशी व्यवहार पाहणारं केनियाचं स्थायी प्रतिनिधी कार्यालय स्वतःच्याच राजधानीत आहे!

दक्षिण आफ्रिकेने २००९ मध्ये खात्याचं नावच बदलून ‘आंतरराष्ट्रीय संबंध आणि सहकार्य’ असं केलं. प्रिटोरियातल्या मुख्यालयाला ऑलिव्हर टांबो यांचं नाव आहे. वर्णद्वेषी राजवटीत त्यांनी परागंदा राहून आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची धुरा वाहिली. त्या पक्षाचं कार्यालय दिल्लीत १९६० च्या दशकापासून होतं. म्हणजे देश मोकळा होण्याआधीच त्याच्या खऱ्या प्रतिनिधींना इथे जागा होती. हे वाचताना ऊर भरून येतो.

आपल्याकडे दोघांचेही उच्चायोग दिल्लीत आहेत. ‘दूतावास’ म्हणायचं नाही, कारण दोन्ही देश राष्ट्रकुलातले. दक्षिण आफ्रिकेचा वाणिज्य दूतावास मात्र मुंबईतही आहे.